एकच शो, तोही रात्री पावणेदहाचा

ताई, नमस्कार.

मी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. वय 47. सिनेमाची आवड लहानपणापासूनची. उमा, पद्मा, पार्वती, व्हीनस, सगळीकडं रांगेत उभं राहून तिकिटं काढलीत. पण बघितले ते सगळे मारामारीचे, नाहीतर तमाशाचे, नाहीतर हसायचे.

मुलगी पुण्यात शिकते. तिनं फोन करून सांगितलं, पुढच्या शुक्रवारी एक मराठी सिनेमा लागतोय, परदेशात बक्षीस मिळालेला, चुकवू नका. ट्रेलर बघितला. एक म्हातारा बाजेवर बसलाय, मागं पाऊस लागलाय, कोण काही बोलत नाही. एवढंच. पण मला तो बघावासा वाटला. का, ते सांगता येत नाही.

कोल्हापुरात एका मॉलमध्ये एकच शो आहे, रात्री पावणेदहाचा. बायको म्हणते, दोन महिन्यांत मोबाईलवर येईल, अडीचशे रुपये देऊन झोपायला कशाला जाताय? तिचंही चुकत नाही. मागं असलाच एक सिनेमा बघायला गेलो होतो तेव्हा मध्यंतराच्या आधीच डोळा लागला. कट्ट्यावरचे दोस्त अजून त्यावरून बोलतात. ते म्हणतात, आर्ट फिल्म हे पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या लोकांचं काम, आपल्या मातीतलं न्हवं ते.

जावं का? एकट्यानं गेलेलं बरं दिसेल का? आणि काही समजलंच नाही तर पोरीला काय सांगू?

एक वाचक, उद्यमनगर

दादा,

जा. शुक्रवारी जमलं तर शुक्रवारी, नाहीतर शनिवार-रविवारात, पण सोमवारच्या पुढं ढकलू नका. कुणी सोबत येत नसेल तर एकटे जा.

घाई का करायची, ते आधी सांगते. थिएटरचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला बघून सोमवार-मंगळवारी ठरतं की पुढच्या शुक्रवारपासून कुणाला किती शो द्यायचे. मोठ्या नटाच्या सिनेमाला पहिल्या दिवशी गर्दी झाली नाही तरी त्याच्या हातात बरेच शो असतात, एखादा गेला तरी बाकीचे उरतात. तुमच्या सिनेमाकडं एकच आहे, तोही अडनिड्या वेळेचा. त्यात सहा माणसं बसली तर पुढच्या आठवड्यात तो शो दुसऱ्याला जातो. कधी कधी एकही तिकीट गेलेलं नसलं तर त्या दिवसाचा शो लागतच नाही. असल्या सिनेमाची कमान उभी राहत नाही, रिक्षाच्या पाठीवर पोस्टर लागत नाही. एकानं दुसऱ्याला सांगायचं आणि दुसऱ्यानं बघायला जायचं एवढीच त्याची जाहिरात, आणि तेवढा वेळ त्याला कुणी देत नाही. म्हणून तिकीट दारात जाऊन काढण्यापेक्षा आदल्या दिवशीच काढून ठेवा. आगाऊ गेलेली तिकिटं मॅनेजरला पडद्यावर दिसत असतात. तुमचं एक तिकीट म्हणजे शो लागायचं एक कारण आहे.

आता वहिनींच्या बोलण्याकडं येते. दोन महिन्यांत मोबाईलवर येईल हे त्या सहज बोलल्या असतील, पण असले कितीतरी सिनेमे वर्ष-वर्ष कुठंच येत नाहीत आणि काही तर कधीच येत नाहीत. समजा आला. तरी मोबाईलवर बघितलेला आणि थिएटरात बघितलेला यात फरक पडतो, आणि मसालापटापेक्षा असल्या सिनेमात तो जास्त पडतो. लोकांना उलटं वाटतं. मारामारी, गाणी, स्फोट असतील तर मोठा पडदा पाहिजे, आणि दोन माणसं गप्प बसलेली बघायला मोबाईल पुरे. मला हे अजिबात पटत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा कोर्ट हा सिनेमा घ्या. 2014 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं, पुढं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, आणि 2015 च्या एप्रिलमध्ये तो आपल्याकडं लागला. एका लोकशाहिरावरच्या खटल्याची गोष्ट आहे. कॅमेरा बहुतेक वेळा लांब ठेवलेला असतो आणि तो हलत नाही. कोर्टाची अख्खी खोली दिसते. वकील वाचून दाखवतोय, न्यायाधीश मजकूर सांगतायत आणि बाजूला बसलेला माणूस तो टाइप करतोय, मागच्या बाकांवर आपापल्या तारखेची वाट बघत माणसं बसलीयत. कुणाकडं बघायचं हे दिग्दर्शक तुमच्यावर सोडून देतो. मोठ्या पडद्यावर तुमची नजर मागच्या बाकावरच्या एखाद्या चेहऱ्यावर जाऊन थांबते आणि त्या माणसाचं काय चाललंय याचा विचार मनात सुरू होतो. मोबाईलवर तो चेहरा डाळीच्या दाण्याएवढा. तिथं बघण्यासारखं काही उरतच नाही, आणि मग आपण म्हणतो की सिनेमात काही घडतच नाही.

त्याच सिनेमात शेवटाकडं उन्हाळी सुट्टीच्या आधीचा कामकाजाचा दिवस संपतो. माणसं पांगतात, खोली रिकामी होते, एकेक करून दिवे बंद होतात आणि पडदा काळा पडतो. काळाच राहतो. घरी बघणारा माणूस इथं सिनेमा संपला समजून उठतो, नाहीतर हाताला लागेल ते बटण दाबतो. थिएटरात दाबायला बटण नसतं. सगळे त्या अंधारात बसून राहतात, आणि इतका वेळ आपण ज्या खटल्याच्या मागं होतो त्याचं या इमारतीला काहीच वाटत नाही हे तेवढ्यात अंगावर येतं. नंतर सिनेमा पुढं चालू होतो. कुठं जातो ते सांगत नाही, कधी बघायला मिळाला तर बघा. पण तो अंधार हातातल्या पाच-सहा इंचांवर होत नाही, त्याला खोली काळी व्हावी लागते.

आवाजाचंही तसंच. थिएटरच्या पडद्याला बारीक बारीक भोकं असतात आणि संवादाचे स्पीकर त्या पडद्याच्या मागं बसवलेले असतात, म्हणून बोलणं माणसाच्या तोंडातून आल्यासारखं वाटतं. बाकीचे स्पीकर दोन्ही भिंतींवर आणि पाठीमागं. तुमच्या ट्रेलरमधला तो पाऊस घ्या. मोबाईलवर तो नुसता खरखर वाजतो. थिएटरात पत्र्यावरचा पाऊस वेगळा, अंगणातल्या चिखलातला वेगळा, लांब शेतातला वेगळा ऐकू येतो. असल्या सिनेमात पार्श्वसंगीत कमी असतं, कधी नसतंच, म्हणून आवाज बसवणाऱ्यानं एवढ्याशा गोष्टींवर महिनोन्‌महिने काम केलेलं असतं. त्या म्हाताऱ्याच्या गप्प बसण्याच्या मागं कुठं म्हैस हंबरते, कुठं बाई भांडी घासते, ते सगळं गोष्टीचाच भाग असतं.

आता झोपेचं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दिवसभर उभं राहून काम केलेला माणूस गार, अंधाऱ्या खोलीत मऊ खुर्चीवर बसला की डोळा लागणारच. सिनेमा कुठलाही असो. एवढं करून बघा: वर्कशॉपला ज्या दिवशी सुट्टी असेल त्याच्या आदल्या रात्री जा, सुट्टी सोमवारची असेल तर रविवारचा शो धरा. त्या दिवशी दुपारी तासभर आडवे व्हा. आणि पावणेदहाच्या शोच्या आधी पोटभर तांबडा-पांढरा ओरपून जाऊ नका, भाकरी-भाजी हलकी खाऊन जा. जेवण शो सुटल्यावर म्हणाल तर साडेबारा वाजतील. खुर्ची मधल्या रांगेच्या थोडी मागं आणि अगदी मधोमध घ्या, आवाज साधारण तिथं बसूनच जुळवलेला असतो. शेवटची रांग सगळ्यात सोयीची वाटते, पण तिथून पडदा लहान होतो आणि मग घरात बसल्यासारखं व्हायला वेळ लागत नाही.

एवढं करूनही पाच मिनिटं डोळा लागला तर लागू दे. जागं झाल्यावर बाहेर पडू नका, पुढं बघा.

पण माझा अंदाज असा आहे की मागच्या वेळी झोप नुसती थकव्यानं आली नव्हती. तुम्ही काहीतरी घडायची वाट बघत बसला असाल. आपल्याला सवय अशी की दर दोन मिनिटांनी सिनेमानं आपल्याला काहीतरी द्यावं: भांडण, विनोद, गाणं. ते आलं नाही की मेंदू म्हणतो, काम नाही, चला झोपू. इथं तुमच्या धंद्यातलीच गोष्ट सांगते. लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरत असतो आणि बाहेरच्या माणसाला वाटतं, हा काय नुसता उभा आहे. तुम्ही उभे असता, पण कान कटकडं असतो. आवाज जरा बदलला की तुम्हाला कळतं टूलची धार गेली, धातूची चिप निळी पडायला लागली की कळतं कट तापतोय. त्या वेळी तुम्हाला झोप येत नाही, कारण तुम्ही बघत असता. तेच कान आणि तेच डोळे घेऊन थिएटरात बसा. तो म्हातारा बाजेवर बसलाय तर तो कसा बसलाय, हात कुठं ठेवलाय, घरात कुणी बोलल्यावर मान वळते की नाही. दिग्दर्शकानं तो शॉट मिनिटभर ठेवलाय तो तुम्हाला तेवढं बघायला वेळ मिळावा म्हणून.

याउपर ज्यांचे शॉट नुसते लांबवलेले असतात असेही सिनेमे असतात. बक्षीस मिळालं म्हणून प्रत्येक सिनेमा चांगला असतो असं मी म्हणणार नाही. नाही आवडला तर नाही आवडला म्हणा, तेवढा तुमचा हक्क आहे. फक्त नीट बघून म्हणा.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. आपल्याकडं मध्यंतर लागतंच. दिग्दर्शकानं मध्यंतर धरून सिनेमा केलेला नसला तरी मल्टिप्लेक्सवाले मधेच कुठंतरी तोडतात, कधी कधी वाक्याच्या मधे. एकदम दिवे लागले, पॉपकॉर्नच्या जाहिराती सुरू झाल्या, तर दचकू नका. त्या दहा मिनिटांत मोबाईल काढू नका एवढीच विनंती. एकदा कट्ट्याच्या ग्रुपवरचे निरोप वाचायला लागलात की परत सिनेमातल्या त्या घरात शिरायला वीस मिनिटं जातात. आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर मशीन बिघडलेलं नसतं. काही सिनेमे जवळजवळ चौरस चौकटीतच काढलेले असतात.

एकट्यानं जाण्याबद्दल तुम्ही विचारलंत. रात्रीच्या शोला एकटा पुरुष बसलेला कुणाला खटकत नाही, आणि असल्या शोला तर बरीच माणसं एकटीच आलेली असतात. तरी वहिनींना एकदा नीट विचारा. तुमच्या पत्रात परदेशातलं बक्षीस आधी आलंय आणि बाजेवरचा म्हातारा नंतर. त्यांना सांगताना उलटं सांगा. बक्षिसाचं नाव काढलं की माणसाला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं, आपल्याला कळणार नाही म्हणून तो आधीच नको म्हणतो. म्हातारा, पाऊस, घरात कुणी बोलत नाही, एवढं सांगितलंत तर त्या विचारतील, का बोलत नाहीत? तिथून त्यांना वाटलं तर येतील. नाही आल्या तर रुसू नका आणि आग्रहही करू नका. ओढून आणलेलं माणूस शेजारी घड्याळ बघत बसलं की तुमचंही लक्ष लागत नाही.

आता तुमच्या दोस्तांचं ते वाक्य, आपल्या मातीतलं न्हवं. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण कोल्हापुरात बसून हे बोलणं मला सहन होत नाही.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, रोज शेकडो गाड्या तिथून जातात. कोल्हापुरात मूकपट काढणारे बाबूराव पेंटर, त्यांचं घराणं मेस्त्री. चित्रं काढणारे, मूर्ती घडवणारे, हातानं काम करणारे लोक. बाहेरून कॅमेरा मिळेना तर त्यांनी तो इथंच, कोल्हापुरात, स्वतः बनवला. त्यांचे भाऊ आनंदराव आधीपासून त्यामागं होते, ते 1916 मध्ये गेले, तरी बाबूरावांनी काम सोडलं नाही. त्याच कॅमेऱ्यावर सैरंध्री हा मूकपट झाला, 1920 मध्ये. आणि 1925 मध्ये त्यांनी सावकारी पाश काढला. देव नाही, राजा नाही. सावकाराच्या कर्जात जमीन गेलेला शेतकरी आणि शहरात मजुरीला गेलेलं त्याचं आयुष्य. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. बाकी बहुतेक जण पौराणिक कथा काढत असताना भारतात असला वास्तव सिनेमा पहिल्यांदा केला तो या गावानं. ती मूकपटाची प्रिंट आज बघायला मिळत नाही याचं वाईट वाटतं, पण असला सिनेमा पुण्या-मुंबईहून आलेला नाही एवढं तुम्ही कट्ट्यावर छातीठोक सांगू शकता.

पुढचंही सांगा. प्रभात कंपनी 1929 मध्ये कोल्हापुरातच निघाली. अयोध्येचा राजा, पहिला मराठी बोलपट, 1932 चा, इथलाच. 1933 मध्ये कंपनी पुण्याला गेली, आणि पुण्यातल्या त्याच प्रभातच्या स्टुडिओच्या जागेवर 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. 2024 मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रांप्री हे मोठं बक्षीस मिळवणाऱ्या दिग्दर्शिका पायल कपाडिया तिथं शिकल्या. वळू, देऊळ करणारे उमेश कुलकर्णीसुद्धा. ज्या सिनेमाला तुमचे दोस्त परक्याचा समजतात त्याच्या शाळेची वीट कोल्हापूरची आहे.

आणि शिकलेल्या लोकांचं काम म्हणाल तर श्याम बेनेगलांचा मंथन कुणाच्या पैशानं झाला? गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले होते, 1976 मध्ये. सिनेमा लागल्यावर तेच शेतकरी ट्रकमध्ये बसून बघायला आले. आपला पैसा, आपली गोष्ट. 2024 मध्ये त्याची दुरुस्त केलेली प्रत कानला दाखवली गेली आणि जूनमध्ये तो आपल्याकडच्या थिएटरांत पुन्हा लागला. गोकुळच्या जिल्ह्यातल्या माणसाला दूध संघाच्या राजकारणावरचा सिनेमा समजणार नाही, हे कोण म्हणेल? तुमच्या कट्ट्यावर या विषयावर रोज तास-तास बोलणं होत असेल.

हे सगळं दोस्तांना हरवायला वापरू नका मात्र. एकदा सांगा आणि सोडून द्या. त्यातला एखादा पुढच्या वेळी हळूच विचारेल, कितीचा शो आहे?

राहिली मुलगी. तिनं फोन केला तो तुमची परीक्षा घ्यायला केलेला नाही. तिला काहीतरी चांगलं सापडलं आणि ते बाबांनी बघावं असं तिला वाटलं. अर्थ काय होता हे सांगायची जबाबदारी तुमच्यावर नाही. काय बघितलं ते सांगा. म्हाताऱ्यानं पाण्याचा तांब्या कसा उचलला, कुठल्या जागी तुम्हाला तुमचे वडील आठवले, कुठं कंटाळा आला, कुठला शॉट का ठेवला ते कळलं नाही. तीही सांगेल तिनं काय बघितलं, आणि दोघांनी वेगवेगळं बघितलेलं निघालं तर त्याहून चांगलं काय? फक्त त्या रात्री घरी येऊन मोबाईलवर त्या सिनेमाचा अर्थ शोधत बसू नका. दुसऱ्याचं मत एकदा वाचलं की आपलं पुसून जातं. एक दिवस जाऊ दे. कामावर उभं असताना जे आपसूक आठवेल ते तुमचं.

आवडला, आणि अजून बघावेसे वाटले, तर दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाकडं लक्ष ठेवा. बाबूराव पेंटरांच्याच नावाची फिल्म सोसायटी गावात आहे, आणि कोल्हापूरचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव त्या भवनात भरत आलाय. तिथं तुमच्यासारखी माणसं भेटतील, दिवसभर बँकेत, शाळेत, दुकानात काम करून संध्याकाळी कुठल्यातरी लांबच्या देशातल्या शेतकऱ्याची गोष्ट बघायला आलेली. शो सुटल्यावर बाहेर चहाला थांबा, बोलणं आपोआप होतं.

आणि समजा शुक्रवारी शो रद्दच झाला. तिकिटाचे पैसे परत मिळतील, पण तेवढ्यावर थांबू नका. काउंटरवर मॅनेजरला भेटून नम्रपणे विचारा, किती माणसं जमवली तर शो लावाल? अशी दहा-वीस माणसांची खात्री दिली तर काही थिएटरवाले ऐकतात. तेही नाही झालं तर पुण्याला त्या सिनेमाचे जास्त शो असतील आणि जास्त दिवस असतील. मुलीला तिकिटं काढायला सांगा, सुट्टीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं जा, आणि तिच्या शेजारी बसून बघून या.